फाट्यावरचा फ्लेक्स

कंपनीची बस वडगाव रासाईच्या फाट्यावर थांबली आणि मायाने पायरीवर ठेवलेला पाय तसाच राहिला. समोर दोन खांबांच्या मध्ये ती स्वतःच लटकत होती. चांगली आठ फुटांची, गुलाबी साडीत. 'दहावी इंग्रजी विषयात घवघवीत यश मिळवल्याबद्दल आमच्या आईचे हार्दिक अभिनंदन.' खाली तिचा मुलगा धम्मदीप आणि त्याचे मित्र गॉगल लावून, हाताची घडी घालून उभे.

निकाल दुपारी एकला लागणार होता. आत्ता कुठे सकाळचे आठ वाजत होते.

"माये, तू धाव्वीला बसली व्हतीस? आन् आमाला बोलली न्हाईस," मागून बसमधल्या बाया म्हणाल्या.

बोलणार काय? पंचवीस वर्षांपूर्वी ती दहावीला इंग्रजीत नापास झाली होती. निकालानंतर आठवडाभर ती माजघरात कणगीमागे बसून राहिली, आणि दिवाळी झाल्यावर तिचं लग्न उरकलं. नर्स व्हायचं होतं, ते राहिलंच. पुढे रांजणगावला पॅकिंगच्या लाइनवर उभी राहिली. तिचा नवरा ईश्वर गेला आणि घर खायला उठायला लागलं, तेव्हा तिने मुलाची जुनी पुस्तकं काढली. मागच्या वर्षी गुपचूप पेपर दिला आणि पडली. यंदा परत दिला. कंपनीत बढती मिळणार होती असंही नाही. नावापुढचा नापास हा शब्द तिला पुसायचा होता, आणि तो कुणाच्या नकळत पुसायचा होता. माहीत होतं एकट्या धम्मदीपला. त्याने ते असं खांबावर टांगलं होतं.

"ह्ये काय करून ठिवलंस?"

दोरी आवळत असलेला धम्मदीप खुशीत वळला. "आई, निकालाच्या दिवशी शिरूरला फ्लेक्सवाल्याकडं ही गर्दी असती. दोन-दोन दिवस नंबर लागत न्हाई. म्हणून कालच छापून घेतला."

"आन् मी पडले तर?"

हा प्रश्न पोराच्या डोक्यात आत्ता पहिल्यांदा शिरला, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसलं.

"उतरव."

तो खांबावर चढला तोच पोपटरावांची गाडी थांबली. पोपटराव माजी सरपंच. कुणाचाही फ्लेक्स लागला की त्यात आपला फोटो कुठे आहे, ते आधी बघायचे. इथे तो कुठेच नव्हता.

"काढताय व्हय रं? म्हंजी निकाल आधीच कळला वाटतं," ते म्हणाले. चहाच्या टपरीवरची माणसं हसली.

मायाने वर फ्लेक्सकडे पाहिलं, मग टपरीकडे. ठेवला तर फजिती, काढला तर आत्ताच फजिती. रात्रपाळीने डोळे चुरचुरत होते. गुमान घरी जावं आणि चादर ओढून पडावं, असं तिला वाटलं. मग ती कणगीमागची पोरगी आठवली आणि तिला राग आला. पोपटरावांचा नाही, पोराचाही नाही. इतकी वर्षं लपून बसल्याचा.

"धम्मदीप, खाली ये. ऱ्हाऊ दे त्यो." मग ती पोपटरावांकडे वळली. "आप्पा, निकाल एकला हाय. पडले तर जुलैला परत बसंन. फ्लेक्स तवाबी हाच लावू. चांगला टिकाऊ हाय."

टपरीवरचं हसू थांबलं. माया फ्लेक्सखालच्या बाकावर बसली. "म्हस्कूभाऊ, एक चहा द्या," तिने टपरीवाल्याला सांगितलं, आणि ती तिथून हलली नाही. पोपटरावही गेले नाहीत. त्यांना निघायला काही निमित्तच सापडेना.

एकला फाट्यावर अर्धं गाव जमलं होतं. धम्मदीपच्या मोबाइलवर नुसतंच चाक फिरत होतं. कुणी रेंजला शिव्या घालत होतं, कुणी त्याला खांद्यावर घ्या म्हणत होतं. मग ते चाक थांबलं.

"आई, एकसष्ट."

"शंभरातलं?" म्हस्कूने विचारलं.

"व्हय."

माया सगळ्यांसमोर, पदर तोंडाला न लावता, मोठ्याने रडली. पोरांनी निळा गुलाल उधळला, जयभीमचा गजर केला. "मायाबाई, बारावीच्या फ्लेक्सला आमचाबी फोटो घ्या," असं पोपटराव म्हणाले, तेव्हा तीही मनापासून हसली.

गर्दी पांगल्यावर एक स्कूटी येऊन थांबली. तोंडाला स्कार्फ बांधलेली पोपटरावांची सून, नीलम. तिने वर फ्लेक्सकडे पाहिलं, मग रस्त्याच्या दोन्ही बाजूंना.

"मायाताई, क्लास कुठं लावला व्हता?"

"रांजणगावला, एका बाईंकडं. कुणासाठी?"

नीलमने स्कार्फ जरा खाली ओढला. "माझंबी इंग्रजीच ऱ्हायलंय. घरात म्हाईत न्हाई कुणाला."

माया बाकावर सरकली. "बस."

बाकभर निळा गुलाल सांडला होता. नीलमने स्कूटी स्टँडवर लावली, स्कार्फ सोडला आणि बाक न झटकता मायाच्या शेजारी बसली.