खोटं गिऱ्हाईक

परीक्षा पास झालेला माणूस निदान चार दिवस तरी निवांत असतो. बिरूचं उलटंच झालं. निकाल लागल्यापासून त्याच्या पायाला भिंगरी लागली होती. क्रांती चौकातल्या राजेंद्र सरांच्या ऑफिसात तो खुर्चीवर बसे, उठे, खिडकीतून खालची गर्दी बघे आणि परत येऊन बसे. घरांची, जमिनींची किंमत ठरवून देणारा सरकारमान्य व्हॅल्युअर व्हायला आता एकच कागद कमी होता, तो म्हणजे सरांचं अनुभवाचं पत्र. इतकी वर्षं त्यांच्या हाताखाली घासल्यावर ते सुखासुखी मिळायला हरकत नव्हती, पण सर पक्के. म्हणाले, "वाळूजचा तो गोकुळ घरावर कर्ज काढतोय, त्याच्या घराचं मोजमाप मी केलंय. तिथला भाव मात्र तू एकट्यानं काढ. बँकेनं तो धरला की पत्र तुझं."

बँकेनं तो धरला. आज सकाळीच कळलं. सर म्हणाले, संध्याकाळी पत्र घेऊन जा. आता यात अस्वस्थ होण्यासारखं काय होतं? तर खिशातला फोन. त्यावर सारखं एकच नाव उमटत होतं, 'द्वारकाबाई वाळूज', आणि बिरू तो उचलत नव्हता.

त्याचं असं आहे. खरेदीखतात लिहिलेली किंमत आणि खरोखर हातात पडलेली किंमत यांची सहसा गाठ पडत नाही, हे या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. खरा भाव हवा असेल तर गिऱ्हाईक बनून जायचं. घर बघायचं, नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारायचं, किंमत ऐकायची, 'घरी विचारून सांगतो' म्हणायचं आणि सुटायचं. सरांनीच हे शिकवलं होतं. पण बिरू त्यात सरांच्याही पुढे गेला. त्याचं लग्न व्हायचं होतं, तरी त्याला कधी दोन मुली असत, कधी शाळेत शिकवणारी बायको असे. नुसता भाव विचारून निघून यायचं, यात त्याला मजाच वाटत नसे.

गोकुळच्याच गल्लीत, चार घरं सोडून, द्वारकाबाईंच्या दारावर 'घर विकणे आहे' अशी पाटी होती. बाई एकट्या, साठीच्या घरातल्या. तिथं बिरूनं आई पुढं केली. "तिचे गुडघे गेलेत मावशी. जिना चढवत नाही. खालच्या खोलीत तिची खाट बसेल ना?" खरी आई, म्हाळसाबाई, गावाकडं दिवसभर मेंढरांमागं फिरत होती आणि तिच्या गुडघ्यांबद्दल असं कुणी बोललेलं तिला कळलं असतं तर हातातली काठी तिनं पोराच्याच पाठीत घातली असती. द्वारकाबाईंच्या डोळ्यांत मात्र पाणी आलं. त्यांनी खाट कुठं बसेल ते दाखवलं, चहा पाजला आणि किंमत सांगितली, बेचाळीस लाख.

गल्लीतले दोन दलाल तसल्याच घराला पन्नासच्या खाली बोलायला तयार नव्हते. बिरूनं विचार केला, दलाल फुगवून सांगणार, ही बाई कशाला खोटं बोलेल? त्यानं बेचाळीसवरून हिशेब धरला. सरांनी पाठ थोपटली, म्हणाले, "शाबास. दलालांना भुलला नाहीस."

तेव्हापासून बाईंचे फोन सुरू झाले. आधी तो 'विचारतोय' म्हणाला, मग उचलायचंच सोडलं. आज दुपारी त्यांचा आवाज रेकॉर्ड होऊन आला. "बाळा, तुझ्या आईचं काम करून ठेवलंय. येऊन बघून जा."

आईचं काय काम? बिरूचं डोकं भणभणलं. टेबलावरच्या फायली त्यानं उगाच इकडच्या तिकडं केल्या, पाणी प्यायला, आणि शेवटी हेल्मेट उचललं. वाळूजच्या रस्त्यावर पाळी सुटलेल्या कामगारांच्या बस समोरून येत होत्या. वाटभर तो एकच वाक्य घोकत होता, आईला घर पसंत नाही. बास, तेवढं म्हणायचं आणि यायचं.

दारासमोरच्या तीन पायऱ्यांना लोखंडी कठडा बसला होता. हिरवा, नवाकोरा.

"हात लावू नको, रंग वला हाय," द्वारकाबाई दारातून म्हणाल्या. "न्हाणीतबी एक दांडा बसवून घेतलाय. म्हातारीला उठता-बसता धरायला बरं."

त्यांनी त्याला आत बसवलं, गॅसवर चहा ठेवला आणि बोलत राहिल्या.

"गोकुळनं करून दिला. वेल्डिंगचं काम करतो ना तो. बिचाऱ्याचं चित्त थाऱ्यावर नाय. नवी मशीन घ्यायची होती त्याला, तर बँकेनं आज कर्जच कमी मंजूर केलं. घराची किंमत कमी आली म्हणं. कोण मेला व्हॅल्युअर येऊन गेला, देव जाणं."

बिरू खाली फरशीकडं बघत राहिला. भाव तर बरोबर होता, त्यानं मनाशी म्हटलं. या बाईंच्याच तोंडचा होता.

"दोन गिऱ्हाइकं येऊन गेली मधी. त्यांना म्हणलं, घर दिलंय. बहीण फर्दापूरला खानावळ चालवती. लेणी बघायला माणसं येतात, तिला एकटीला रेटत नाय. तिला कळवलंय, येते म्हणून. आता तू सांग, आईला कधी आणतोस?"

घोकलेलं वाक्य जिभेवर तयार होतं. आईला घर पसंत नाही. म्हणजे पुन्हा आईच्याच डोक्यावर खापर. बिरूला स्वतःची शिसारी आली.

"मावशी, मी गिऱ्हाईक नाय," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं, ऑफिस, भाव काढण्याची पद्धत, खोटं बोलणं. गोकुळच्या घराचा भाव आपणच काढला, हेही सांगितलं. द्वारकाबाईंनी गॅस बंद केला.

"तुला आई हाय का तरी?"

"हाय."

"अन् गुडघे?"

"ठणठणीत हायेत. मेंढरांमागं दिवसभर चालती."

"चालू दे तिला. चांगलं हाय," बाई म्हणाल्या. त्यांचं तोंड उतरलं होतं. बिरू पाया पडायला वाकला, तर त्यांनी पाय मागं ओढून घेतले.

"बाहेर जा."

बिरूनं हेल्मेट घेतलं. तो उंबरा ओलांडत असतानाच मागून आवाज आला.

"तसा नाय. दार लावून घे अन् परत वाजव. जो हायेस तो म्हणून ये."

त्याला आधी उमगलं नाही. मग त्यानं दार ओढून घेतलं आणि कडी वाजवली.

"कोण हाय?" आतून बाईंनी विचारलं.

"बिरू. व्हॅल्युअरच्या हापिसातून आलोय."

"काय पायजे?"

"गल्लीतला भाव काढायचाय. तुमच्या घराची किंमत काय, मावशी?"

"पन्नास लाख. एक रुपया कमी नाय."

बिरू दाराशी तसाच उभा राहिला. "मागं तर बेचाळीस म्हणला होता तुम्ही."

"ते तुझ्या आईला," बाई म्हणाल्या. दार काही त्यांनी उघडलं नाही.

म्हणजे दलाल खरं बोलत होते. गल्लीतला भाव पन्नासचाच होता, आणि बेचाळीसचा आकडा जगात फक्त एका दुखऱ्या गुडघ्यांच्या म्हातारीसाठी होता, जी नव्हतीच. तो आकडा बिरूनं गोकुळच्या घराला लावला होता. पलीकडून ग्राइंडरचा आवाज येत होता. गोकुळचंच काम चालू असणार. त्यानं पायरीवरच बसून फोन लावला.

"अरे, आहेस कुठं?" राजेंद्र सर म्हणाले. "पत्रावर सही करून ठेवलीय. मी निघतोय आता."

"सर, गोकुळच्या घराचा भाव चुकलाय. कमी लागलाय."

"कोण म्हणतं? दलाल भेटले वाटतं तुला."

"मीच म्हणतोय. काढलाही मीच होता."

"बँकेनं अहवाल घेतलाय बिरू. आता मागं घ्यायचा म्हणजे तिथं मान खाली घालावी लागेल मला, तीही तुझ्यापायी. मग हे पत्र मी फाडून टाकीन. कळतंय का तुला?"

"फाडा सर," बिरू म्हणाला. "पण आधी बँकेला फोन करा."