ठकूची परीक्षा

सासूला खरं सांगून टाकायला हवं होतं, असं म्हणणं सोपं आहे हो. पण ज्या घरात नुसतं "डॉक्टरला दाखवू" म्हटलं तरी "माझ्या नातीला वेडी ठरवता काय?" असा भडका उडतो, तिथे इस्त्रीवाली बिचारी काय करणार? तिने ठोकून दिलं, "शाळेची परीक्षा आहे, आई. एक बाई ठकूला प्रश्न विचारणार आहेत." आणि तिथेच माशी शिंकली.

इस्त्रीवाली लॉन्ड्रीत दिवसभर वाफेसमोर उभी. तिची सहा वर्षांची ठकू शाळेतून आली की आजीच्या ताब्यात. पोर दुकानांच्या पाट्या घडाघडा वाचायची, पण हाक मारली तर वळून बघायची नाही. दाराची घंटा वाजली की कानांवर हात, आणि मग भिंतीवर डोकं आपट आपट आपटायची. शाळेतल्या मोठ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "ऑटिझमची तपासणी करून रिपोर्ट आणा. रिपोर्ट असेल तर तिला वेगळ्या शिक्षिका मिळतील. नाहीतर पुढच्या वर्षी आम्हाला तिला ठेवता येणार नाही."

आणा म्हणे! रिपोर्ट काय बाजारात मिळतो? लहान मुलांचे डॉक्टर म्हणाले, आधी कान तपासा. कानवाले म्हणाले, कान ठणठणीत आहेत, मोठ्या दवाखान्यात जा. मोठा दवाखाना म्हणाला, शाळेची चिठ्ठी आणा. शाळा म्हणाली, दवाखान्याने मागितल्याशिवाय चिठ्ठी देत नाही. नवरा म्हणाला, "मीही उशिराच बोलायला लागलो होतो," आणि कूस बदलून झोपला. सगळ्यांच्या हातापाया पडून शेवटी नंबर लागला, तोवर वर्ष संपत आलं होतं.

त्या दिवशी आजीही हट्टाने दवाखान्यात आली; परीक्षेच्या बाई तिथेच बसतात, असं तिला सांगितलं होतं. तिला बाहेरच्या बाकावर बसवून मायलेकी आत गेल्या.

तज्ज्ञ बाई गोड होत्या. "नाव काय तुझं?"

ठकूने मान वर केली, त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि नाव सांगितलं. वर हसली!

"शाळेत मैत्रिणी आहेत का?"

"मला खूप मैत्रिणी आहेत. आम्ही लपाछपी खेळतो."

लपाछपी? ही पोर जन्मात कधी लपाछपी खेळली नव्हती. उत्तर झालं की ठकू तळहात पुढे करायची आणि म्हणायची, "बिस्किट." तज्ज्ञ बाईंना गंमत वाटली. ठोकळे झाले, चित्रं झाली, ठकूने सगळं न अडखळता केलं.

"पाठ केलंय हो हिने!" इस्त्रीवाली न राहवून बोलली. "घरी अशी नसते. तुम्ही घरी येऊन बघा. डोकं फोडून घेते."

"पाठ होतंय म्हणजे हुशारच आहे की. नजरेला नजर देते, बोलते. आई, तुम्ही उगाच जीवाला घोर लावून घेताय. अगदीच वाटलं तर शाळेकडून पुन्हा नाव पाठवा."

पुन्हा! म्हणजे पहिले पाढे पंचावन्न.

बाहेर आजी उठूनच उभी होती. "झाली ना पास? रोज दुपारी घोकून घेतलंय मी. म्हटलं, डोळ्यांत बघवत नसेल तर कपाळावर बघ, बाईंना कळणार नाही. एकेका उत्तराला एक बिस्किट!" म्हातारीचा चेहरा कौतुकाने नुसता फुलला होता. त्या चेहऱ्यावर चिडायचं तरी कसं? आणि खोटं तरी आधी कोण बोललं होतं?

तेवढ्यात पुढच्या नंबराची घंटा वाजली. ठकूने कान दाबले आणि भिंतीवर डोकं आपटायला सुरुवात केली. इस्त्रीवालीने धावत जाऊन दार ठोठावलं. "बाई, आत्ता बघा! आत्ता!"

शिपायाने हात आडवा घातला. "आत दुसरं मूल आहे. तुमचा नंबर झाला."

"दोन मिनिटं हो, पाया पडते."

"सगळेच पडतात, ताई."

आजी घाबरून गुडघ्यांवर बसली. "ठकू, असं नाही करायचं बाळा. हस बघू. काय शिकवलंय मी?"

इस्त्रीवालीने परत येऊन भिंत आणि डोकं यांच्यामध्ये आपला तळहात घातला. ठकूने आजीच्या कपाळावर नजर लावली, आणि हातावर डोकं आपटत, हसत, पुन्हा पुन्हा सांगत राहिली, "मला खूप मैत्रिणी आहेत. मला खूप मैत्रिणी आहेत."