सासरवाडीचा रस्ता

दाजींच्या निरोप समारंभाला मी जाणारच नव्हतो. माझी बायको राजेश्री म्हणाली, "अक्का असत्या तर कान धरून नेलं असतं तुमाला." मग गेलो. पण सत्काराला नाही, दोन शब्द सुनवायला गेलो. खोटं कशाला बोलू?

दाजी म्हणजे मल्लिकार्जुनअप्पा, माझ्या थोरल्या बहिणीचे, शिवकन्याअक्काचे मालक. चौतीस वर्षं रस्त्यांच्या खात्यात काढली आणि कार्यकारी अभियंता म्हणून निवृत्त झाले. माणूस इतका सरळ की ठेकेदाराचा चहासुद्धा घ्यायचा नाही. नव्या रस्त्यावर भर उन्हात उकिडवे बसून, डांबर उकरून पट्टीनं जाडी मोजायचे. जिंतूरकडचे, मानवतकडचे त्यांच्या हातचे रस्ते अजून शाबूत आहेत.

एकच रस्ता त्यांनी केला नाही. आमचा. चारठाण्याच्या पुढं फाटा लागतो, तिथून आमच्या गावापर्यंत अडीच किलोमीटर नुसती काळी माती. गावाचा प्रस्ताव जायचा आणि दाजी तो यादीत खाली ढकलायचे. का, तर लोक म्हणतील साहेबानं सासरवाडीला रस्ता केला. मी अक्काला चिडवायचो, "तुझा नवरा साऱ्या जिल्ह्याला डांबर वाटायलाय आन् मेव्हण्याला चिखल." अक्का हसून विषय बदलायची. आपल्या माणसाबद्दल तिनं कधी वाकडा शब्द ऐकून घेतला नाही.

गेल्या श्रावणात ती माहेरी आली होती. सकाळी भाकरी थापताना छातीत कळ आली. अँब्युलन्स फाट्यावर येऊन थांबली, चिखलात पुढं येईना. आम्ही चौघांनी अक्काला बाजेवर घातलं आणि गुडघाभर चिखल तुडवत निघालो. फाटा दिसायला लागला होता. तिथंच ती गेली.

माती दिल्यावर दाजींनी मला बाजूला घेऊन एकच विचारलं, "वाटेत काय बोलली का रं ती?"

बोलली होती. पण मी "न्हाई" म्हणालो. भोगू दे, म्हटलं. पुढं दोनदा त्यांचा फोन आला. दोन्ही वेळा त्यांनी तेच विचारलं आणि दोन्ही वेळा मी फोन ठेवून दिला.

मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. अशा सत्कारात साहेबाला जोडीनं बसवतात, बाईला साडी-चोळी करतात. दाजी मंचावर एकटेच बसले होते. सदरा इस्त्रीचा, पण बटण भलत्याच काजात गेलेलं. अक्कानं तसं दारातून बाहेर पडू दिलं नसतं. मला बघवेना.

मोठे साहेब बोलायला उठले. ते जिल्ह्यात नुकतेच आलेले, हातात कुणीतरी लिहून दिलेला कागद. "प्रामाणिकपणा म्हणजे काय, ते या माणसाकडून शिका," ते म्हणाले. "यांच्या सासरवाडीला आजही पक्का रस्ता नाही!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. अक्काचं ज्यांना ठाऊक होतं त्या दोघाचौघांनी माना खाली घातल्या, बाकीचे वाजवतच राहिले. माझं डोकं भणाणलं. मी उठणार, तेवढ्यात दाजींनीच माईक घेतला.

"टाळ्या वाजवू नका," ते म्हणाले. आवाज नेहमीचाच, सभेत आकडे सांगतात तसा. "ती फाईल सात वेळा माझ्या टेबलावर आली. नियमानं तिचा नंबर केव्हाच लागत होता. मी लावला न्हाई. माझ्या नावाला डाग लागंल म्हणून मी अख्खं गाव चिखलात ठेवलं. ह्याला प्रामाणिकपणा म्हणत न्हाईत. माझी बायको त्याच चिखलात गेली."

दाजींनी खांद्यावरची शाल घडी करून खुर्चीवर ठेवली आणि ते खाली उतरले.

मी जे सुनवायला आलो होतो ते सगळं त्यांनीच भरसभेत बोलून टाकलं. इतके दिवस पोसलेला राग आता कुणावर काढू, मला कळेना. त्यांच्या मागोमाग बाहेर गेलो. ते नळावर तोंड धूत होते.

"जेवून जा, योगीराज," ते म्हणाले. "राजेश्रीला डबा ने."

या वेळी त्यांनी विचारलं नाही. आता विचारणारही नाहीत, हे मला त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं.

"दाजी, अक्का बोलली होती."

नळ तसाच चालू राहिला.

"मी तुमाला खोटं सांगितलं. फाटा दिसल्यावर माझा हात धरून म्हणाली, योगू, त्यांच्याम्होरं रस्त्याचं काढू नको बरं. लय मनाला लावून घेत्यात."

दाजी मटकन पायरीवर बसले. ओलं तोंड पुसायचंही त्यांना सुचलं नाही.

"शिव्या द्यायच्या होत्या रं तिनं," ते म्हणाले. "मला वाटलं, शिव्या दिल्या असतील, म्हणून तू सांगंना. मला त्या चालल्या असत्या."

त्यांना त्रास व्हावा म्हणून मी चार महिने ते बोलणं दाबून ठेवलं होतं, आणि खरा त्रास तर ते सांगितल्यावर झाला. मी त्यांच्याजवळ बसलो. अक्का गेल्यापासून मी पुष्कळदा रडलो होतो, पण दाजींसाठी त्या दिवशी पहिल्यांदाच रडलो.