न काढलेली नोटीस

कुमुदिनी बावीस वर्षं तलाठी होती. तिच्यामागून नोकरीला लागलेले मंडळ अधिकारी झाले होते. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा लांबची बदली नको म्हणून तिने एकदा बढती नाकारली होती, आणि मग तिचं नाव मागे पडत गेलं. या वर्षी ते यादीत तिसरं होतं. जागा चार होत्या.

त्याच वर्षी पालेगावच्या मोतीबाईंनी तक्रार केली. पुतण्यांनी जमीन बिल्डरला दिली, सातबाऱ्यावरून मोतीबाईंचं नाव गेलं, आणि त्यांना साधी नोटीसही आली नव्हती. ते खरंच होतं. घाई करा म्हणून वरून फोन आला होता, आणि कुमुदिनीने नोटीस न काढताच रजिस्टरला 'बजावली' असं लिहून टाकलं होतं.

चौकशी लागली. चौकशी संपेपर्यंत बढती मिळत नाही. कचेरीतल्या सुजित नावाच्या अव्वल कारकुनाने तिला बाजूला घेऊन वाट दाखवली. नोटीस कोतवालाकडे दिली होती, त्यानेच ती पोचवली नाही, एवढं लिहून द्यायचं. तिने वरून आलेल्या फोनची आठवण करून दिली तेव्हा तो म्हणाला, फोनचा कागद कुठे असतो?

कोतवाल म्हणजे जनू. पालेगावचाच, तुटपुंज्या मानधनावर एकोणीस वर्षं घरोघरी नोटिसा वाटणारा. कोतवालांमधून शिपाई घेतात, त्या यादीत यंदा त्याचंही नाव वर आलं होतं. त्याचा अर्ज कुमुदिनीनेच भरून दिला होता.

दोन दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने नोटीस मिळाली पण पोचवली नाही असा जनूच्या नावाचा जबाब लिहिला आणि त्याला सहीला बोलावलं. त्याने कागदावर नजर फिरवली.

"तुमी लिवलंय ना ताई, मंग झालं," म्हणाला, आणि सही केली.

त्याला कामावरून काढलं. ती मंडळ अधिकारी झाली. शाल-श्रीफळ झालं, फोटो निघाले.

दोन महिने तिने पालेगावचं नाव टाळलं. मग एका रविवारी सकाळी घराजवळच्या शिवमंदिरापासून रिक्षा केली आणि जनूच्या घरी गेली. त्याच्या बायकोने, बनूबाईने, खुर्ची पुसून दिली. जनू आता एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या गेटवर बारा-बारा तास उभा राहायचा. कुमुदिनीने सगळं सांगून टाकलं. नोटीस निघालीच नव्हती, तुझी सही मी खोट्यावर घेतली, म्हणाली.

"मना म्हायत होता," जनू म्हणाला. "हातात दिलेली नोटीस मी कदी इसरलोय का?"

"मग सही का केलीस?"

"तुमी सायब झाल्यात का मना लावून घ्याल म्हनून."

मंडळ अधिकाऱ्याला शिपाई नेमता येत नाही. एकदा ठपका ठेवून काढलेला माणूस त्या यादीत परत येत नाही, आणि आला तरी जनूचं वय उलटून गेलेलं असेल. हे सगळे नियम तिला तोंडपाठ होते.

बनूबाई चहा घेऊन आली. अर्ज यंदाच भरायचा का पुढच्या वर्षी, असं जनूने हळूच विचारलं.

"पुढच्या वर्षी बघू," कुमुदिनी म्हणाली.

त्याने बायकोकडे पाहून मान हलवली. रिक्षा मिळेपर्यंत तो नाक्यावर तिच्यासोबत थांबला. तिची पिशवी त्याने स्वतःच्या हातात घेतली होती.