यादीत नसलेली शिट्टी

मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. माझ्या पोटात बुचाचा एक मणी आहे. तो हलला तरच मला आवाज फुटतो. मित्रांनो, माझी सगळी हयात कपडे शिवणाऱ्या एका कारखान्याच्या फाटकावर गेली.

माझे मालक तिथले पहारेकरी. सगळे त्यांना दादा म्हणत. पहाऱ्याचं कंत्राट दर दोन वर्षांनी नव्या कंपनीकडे जाई. माणसं तीच राहत, सदऱ्यावरचा बिल्ला तेवढा बदले. जुन्या बिल्ल्याचे टाके उसवताना दादा हसून म्हणत, "नवा गडी, नवं राज्य!"

मग एका कंपनीनं पाचांचं काम तिघांत करायच्या बोलीवर बाकीच्या कंपन्यांना मागं टाकलं. भिंतींवर बारा बटणं बसली. दर तासाच्या फेरीत पहारेकऱ्यानं प्रत्येक बटणाला हातातलं यंत्र टेकवलं, की कचेरीत उमटे: सगळं ठीक. वेळ वाचावा म्हणून मागचा जिना फेरीतून गाळला. सामानाच्या यादीतून मीही गळले, पण दादांनी मला खिशात ठेवलं. फेरी चुकली की ताकीद, तिसऱ्या ताकिदीला घरी. दादांना दोन मिळाल्या होत्या, आणि लेकीचं शिक्षण अजून एक वर्ष बाकी होतं.

एका दुपारी आठव्या बटणापाशी जळकट वास आला.

"दादा, तो जिना आपल्या फेरीत नाही," सोबती म्हणाला. "नोकरी घालवाल."

"वासाला फेरी कळते का रे?" म्हणत दादा मागच्या जिन्याकडे धावले.

वर कापडाच्या गठ्ठ्यांनी पेट घेतला होता. पलीकडे अकरा बायका शिलाईयंत्रांच्या आवाजात मान खाली घालून शिवत होत्या. दादांनी मला ओठांना लावलं. मी इतकी जोरात कधीच वाजले नव्हते. मला फार भीती वाटली. अकराही जणी सुखरूप खाली उतरल्या.

कंपनीच्या अहवालात त्या दुपारची नोंद एवढीच आहे: चार बटणं चुकली.

"मला कळतं हो, दादा," कंपनीचे साहेब तिसरी ताकीद देताना मान खाली घालून म्हणाले, "पण वरच्यांना फक्त नोंद दिसते."

दादांनी बिल्ला उसवून दिला आणि मला चौकीतल्या खिळ्याला अडकवलं. "असू दे इथं. कुणाला तरी लागेल."

मित्रांनो, यंत्राला मी नावं ठेवत नाही. बारा बटणं जरूर मोजा. पण तेराव्या जागी कोण धावलं, तेही विचारा. आणि त्याला जपा.

त्या अकरांतली एक बाई रोज कामावर येताना मला रुमालानं पुसते आणि हळूच फुंकून पाहते. मणी अजून हलतो.