मधल्या गड्याची धाव

दर जूनला आमच्या ड्राय फोर्कमध्ये सामना होतो, त्याला आता सत्तर वर्षं होऊन गेली. त्या वर्षी शाळा संपवून निघालेली निवडक पोरं खेळतात आणि तिकिटांचे पैसे राजधानीतल्या मुलांच्या इस्पितळाला जातात. पहिल्या सामन्यातला आता मी एकटाच उरलोय, म्हणून लोक मलाच विचारतात, हे सुरू कसं झालं.

सुरू केलं व्हेस्टा लिंडक्विस्ट यांनी. शाळेचं स्वयंपाकघर त्यांच्याकडे होतं. बावन्न सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलीला, लोर्नाला, पोलिओ झाला. पोर सात वर्षांची. गावापासून एकशे ऐंशी मैलांवरच्या इस्पितळात व्हेस्टाबाई हिवाळाभर जात-येत राहिल्या. डॉक्टर म्हणत, कोमट पाण्याच्या तलावात व्यायाम दिला तर या मुलांचे पाय पुष्कळ सुधारतील. पण इस्पितळात तलावच नव्हता.

बाईंनी ठरवलं, तलावासाठी फुटबॉलचा सामना घ्यायचा; म्हणजे आमचा अमेरिकन फुटबॉल, चेंडू हातात घेऊन पळायचा. आमच्या बीट पिकवणाऱ्या मुलखात दुसऱ्या कशाला माणूस जमतच नाही. अडचण एकच होती. आमचे कोच ऑर्व्हल टीग आणि शेजारच्या वेस्टरलीचे कोच मायलो स्ट्रान्स्की नऊ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. चव्वेचाळीस साली पंचानं शेवटच्या मिनिटाला वेस्टरलीला गुण दिले, तेव्हापासून समोरून एक आला की दुसरा रस्ता ओलांडायचा. गावंही तशीच. व्हेस्टाबाईंनी दोघांना वेगवेगळं गाठलं आणि दुसरा तयार झालाय असं दोघांनाही सांगितलं. ही थाप त्यांनी नंतर स्वतःच कबूल केली.

गावाविरुद्ध गाव खेळवलं तर मैदानावर डोकी फुटतील, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून दोन्ही शाळांतल्या आणि आसपासच्या खेड्यांतल्या चव्वेचाळीस पोरांच्या चिठ्ठ्या त्यांनी शाळेच्या सूपच्या पातेल्यात टाकल्या आणि सगळ्यांसमोर काढल्या. माझी चिठ्ठी स्ट्रान्स्कींच्या संघात निघाली. त्याच संघात वेस्टरलीचा ड्युएन पोस्पिशिल निघाला, ज्यानं आदल्या मोसमात माझं नाक मोडलं होतं.

मी मधला गडी. वाकून, दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा आणि समोरच्या धटिंगणाला अडवायचं. मागे चेंडू घेणारा ड्युएन. सरावाच्या पहिल्याच दिवशी तो मागून म्हणाला, "काय रे व्हर्लिन, नाक सरळ झालं का?"

"तुझ्यापेक्षा बरं दिसतं," मी म्हणालो, आणि चेंडू असा दिला की त्याची बोटं सुजली.

तीन दिवस हेच चाललं. मी बोटांवर मारायचो, तो हाक देताना माझ्या आईवरून काहीबाही बोलायचा. स्ट्रान्स्कींनी आम्हाला दमेपर्यंत पळवलं, तरी आम्ही सुधारलो नाही. मग व्हेस्टाबाईंनी शाळेची बस काढली. कोबी-खिमा भरलेल्या पावांची टोपली चढवली आणि दोन्ही संघांना इस्पितळात नेलं.

लोर्ना खिडकीपाशी पलंगावर होती, दोन्ही पायांना लोखंडी पट्ट्या. आम्हाला सगळ्यांना नीट न्याहाळून तिनं विचारलं, तुमच्यात भारी कोण? ड्युएननं माझ्या खांद्यावर हात टाकला.

"हा," तो म्हणाला. "यानं चेंडू दिला नाही तर मी नुसता उभा राहतो."

परतीच्या वाटेवर आम्ही शेजारी बसलो. दुसऱ्या दिवसापासून मी चेंडू थेट त्याच्या तळव्यात ठेवायला लागलो.

सामन्याला तीन हजार माणूस लोटलं. बाकं आठशेच. लोक बीटच्या ट्रकांवर चढले, धान्याच्या कोठीच्या शिडीवर लटकले. आजवर आमचं गाव पूर्वेला बसायचं, वेस्टरली पश्चिमेला. त्या दिवशी ज्याचा पोरगा ज्या संघात, तो त्या बाजूला बसला. माझ्या आईशेजारी ड्युएनची आई आली आणि दोघींनी एकच छत्री घेतली.

टीग यांचा संघ जोरात होता. शेवटचं मिनिट उरलं तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. चेंडू त्यांच्या रेषेपार नेला की सहा गुण, पण रेषा तीस यार्डांवर होती. मी चेंडू दिला. ड्युएन फेकायला मागे सरकला, तोच दोघांनी त्याला उचलून आपटला. चेंडू निसटला, उडाला आणि माझ्या पुढ्यात येऊन पडला.

आयुष्यात मी कधी चेंडू घेऊन पळालो नव्हतो. मधल्या गड्याला ते कामच नसतं. मी तो पोटाशी धरला आणि सुटलो. वजन शंभर किलो, पायात जडसे बूट. मागून एकानं शर्ट धरला, तो फाटला. कडेनं कोणीतरी माझ्याबरोबर पळत ओरडत होतं, "पळ, व्हर्लिन! गुडघे उचल!" मी रेषेपलीकडे तोंडावर पडलो, तेव्हा कळलं की ते टीग होते. चार वर्षं त्यांनी मला घडवलं होतं. आज आपण समोरच्या संघाचे कोच आहोत, हेच ते विसरले होते.

सगळं मैदान उभं राहिलं, दोन्ही बाजू. ड्युएन लंगडत आला आणि माझ्या अंगावर कोसळला. हसता हसता त्याला ठसका लागला.

स्ट्रान्स्की मैदान ओलांडून आले. टीग गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होते.

"ऑर्व्हल, तुझा पोरगा पळतो बरा," स्ट्रान्स्की म्हणाले.

टीग यांनी पाठ सरळ केली. "तुझ्या पोरानं चेंडू पाडला म्हणून," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी दोघं मलाच दे."

पुढची अकरा वर्षं पातेल्यातल्या चिठ्ठ्या त्या दोघांनी मिळून काढल्या, आणि दर वर्षी त्यावरून तासभर वाद घातला.

त्या पहिल्या सामन्यानंतरच्या वसंतात तलाव झाला. उद्घाटनाला आम्ही सगळे जण गेलो होतो, आपापल्या शाळेचे कोट घालून. नर्सनं लोर्नाच्या पट्ट्या सोडल्या आणि तिला पाण्यात उतरवलं. आधी तिनं काठ घट्ट धरला. मग एक हात सोडला. मग दुसरा. अर्ध्या तासानं नर्स तिला बाहेर घ्यायला आली, तेव्हा ती तलावाच्या मध्यावर होती आणि मान हलवून नाही म्हणत होती. व्हेस्टाबाई टॉवेल घेऊन काठावर उभ्या होत्या. त्यांनी टॉवेलाची घडी घातली, खुर्चीवर ठेवला आणि नर्सला म्हणाल्या, "राहू द्या तिला. आम्हाला घाई नाही."