गणितात एक

मित्रांनो, जाड पिवळसर कागद, त्यावर चार घड्या आणि एका कोपऱ्याला घामाचा डाग, एवढेच माझे रूप. मी एका मुलीची आठवीची गुणपत्रिका आहे. तुम्ही म्हणाल, कागदाला कसली आली भीती? पण खरे सांगते, माझ्या आयुष्याचा बराचसा काळ मी जीव मुठीत धरून काढला आहे.

माझा जन्म एका शाळेत, वर्गशिक्षिकेच्या टेबलावर झाला. त्या बाईंनी निळ्या शाईने, रेघ न सोडता माझ्यावर गुण लिहिले. गणित एक. विज्ञान एक. भाषा एक. इतिहास दोन. शिवणकाम तीन. तीन लिहिताना बाई गालात हसल्या, कारण त्या मुलीने घातलेले टाके उसवायलाच जास्त सोपे असत. आमच्या देशात एक म्हणजे सर्वांत वरचा गुण आणि पाच म्हणजे नापास. माझ्या तळाशी बाईंनी बारीक अक्षरात लिहिले, 'नववीत बसण्यास पात्र.' मग मुख्याध्यापकांनी मला एका लोखंडी चिमट्यात धरून दाबले. शाई नाही, रंग नाही. माझाच कागद फुगून त्याचा गोल शिक्का झाला. तो डोळ्यांना जेमतेम दिसतो, बोटांना मात्र लगेच कळतो.

"जपून ठेव हो," बाई त्या मुलीला म्हणाल्या. "जिथे जाशील तिथे हीच तुझ्या वतीने बोलेल."

मला केवढा अभिमान वाटला! बोलणे म्हणजे काय असते, हे मला तेव्हा कुठे ठाऊक होते?

त्याच वर्षी मुलीच्या वडिलांना एका कचेरीत बोलावणे आले. तिथे ते म्हणे मोठ्या आवाजात काहीतरी बोलले. त्यानंतर कित्येक महिने ते घरी आले नाहीत. आले तेव्हा ते खालच्या आवाजात बोलत, अगदी स्वतःच्या घरातसुद्धा. एके दिवशी त्याच आवाजात ते बायकोला म्हणाले, "तू पोरीला घेऊन पुढे जा. मी मागून येतो." आईने दोन पिशव्या भरल्या. मला प्लास्टिकच्या पाकिटात घालून तिने आपल्या झग्याच्या आतल्या बाजूला शिवून टाकले. पूर्ण प्रवासभर मी तिच्या छातीची धडधड ऐकत होते. कुणी गणवेशातला माणूस जवळ आला की ती धडधड इतकी वाढायची की वाटे, आता हिच्याबरोबर मीही फाटणार. माझ्या कोपऱ्यावरचा डाग तेव्हाचा आहे.

नव्या देशात पोचल्यावर आईने मुलीला एकच गोष्ट पुन्हापुन्हा बजावली. "कचेरीत कुणाशी वाद घालायचा नाही. ते म्हणतील त्याला हो म्हणायचं. आवाज चढवला की काय होतं, पाहिलंस ना?"

मुलीने ते मनात पक्के धरले. तिला नव्या भाषेतले थोडेफार येत होते, आईला अजिबात येत नव्हते. त्यामुळे दुकानात, दवाखान्यात, सगळीकडे मुलगीच आईचे कान आणि आईचे तोंड झाली होती.

मग तो दिवस आला. मला पाकिटातून काढून नव्या शाळेच्या कचेरीत एका टेबलावर ठेवले गेले. पलीकडे प्रवेशाचे काम पाहणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्या काही वाईट नव्हत्या. त्यांनी मुलीला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. पण बाहेर बाकावर माणसांची रांग होती, फोन सारखा वाजत होता आणि त्यांच्या मागच्या भिंतीवर या देशातल्या गुणांचा तक्ता टांगला होता. त्या तक्त्यात दहा सगळ्यांत वर होते आणि एक सगळ्यांत खाली.

बाईंची नजर माझ्यावरून खाली खाली घसरत गेली. आमची भाषा त्यांना वाचता येत नव्हती, आकडे तेवढे वाचता येत होते.

"अगं बाई, गणितात एक?" त्या पुटपुटल्या. "विज्ञानातही एक? आणि सगळ्यांत जास्त गुण या शेवटच्या विषयात, तेही तीन!" मग त्या मुलीकडे पाहून हळुवारपणे म्हणाल्या, "हरकत नाही बाळा. घाईघाईत वरच्या वर्गात घालून तुझे हाल नको करायला. सहावीत बस. पाया पक्का होईल."

मित्रांनो, मी ओरडले! जेवढे कागदाला ओरडता येते तेवढे ओरडले. पण खिडकीतून वारा आला आणि मी नुसती फडफडले. बाईंनी माझ्यावर पेपरवेट ठेवला.

मुलीला सगळे कळले होते. तिने तोंड उघडले. पण समोर टेबल होते, टेबलापलीकडे अधिकारी होत्या, आणि तिला आपल्या वडिलांचा तो खालचा आवाज आठवला. तिने मान डोलावली.

"काय म्हणतायत गं?" आईने विचारले.

मुलगी म्हणाली, "म्हणतायत, गुण छान आहेत. नववीत बसवतायत."

आईने दोन्ही हात जोडून बाईंचे आभार मानले. बाईही हसल्या. त्यांनी माझी झेरॉक्स काढून फायलीत लावली आणि मला मुलीच्या हातात परत दिले. त्या खोलीत सगळे हसत होते. हातपाय गार पडले होते ते फक्त त्या मुलीचे. आणि मला हातपाय असते, तर माझेही.

त्यानंतरचे दिवस आठवले तरी अंगावर काटा येतो. आई कपड्यांच्या धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीचे काम करू लागली. संध्याकाळी ती यायच्या आधी मुलगी कपाटातून मला काढायची आणि नुसती बघत बसायची. कधी माझ्याशीच बोलायची. वर्गातली मुले तिच्या खांद्यालाही लागत नव्हती. बाकाखाली तिचे गुडघे मावत नव्हते. फळ्यावर तिने केव्हाच शिकलेले अपूर्णांक यायचे आणि ती मुद्दाम हात वर करायची नाही. "बरोबर उत्तर दिलं तर विचारतील, मग तू इथे कशी," ती मला म्हणायची. "मग कचेरीत नेतील." पण तिला त्याहून मोठी भीती आईची होती. पावलांची चाहूल लागली की ती मला घाईघाईने पाकिटात कोंबायची. माझी एक घडी त्या घाईतच विरली.

एकदा वडिलांचा फोन आला. "मग, नववीचं गणित जड जातंय का?" त्यांनी त्याच दबक्या आवाजात विचारले. मुलगी म्हणाली, "नाही बाबा, सोपं आहे." फोन ठेवल्यावर ती न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून बराच वेळ बाहेरच आली नाही. आई बाहेरून म्हणाली, "पाणी किती वाया घालवतेस गं!"

पुढे शाळेत पालकांना बोलावण्याचा दिवस आला. मुलीने आईला तो सांगितलाच नाही. पण इस्त्रीच्या टेबलावर शेजारी काम करणाऱ्या बाईची मुलगी त्याच शाळेत होती. त्या बाईने खाणाखुणा करून आईला सांगितले. आईने मालकाकडून सुट्टी घेतली, धुतलेला झगा घातला आणि मला बरोबर घेतले. का, ते तिलाच ठाऊक. कदाचित शिक्षकांना अभिमानाने दाखवायला.

वर्गाच्या दारात आई थबकली. मी तिच्या हातात होते, म्हणून मीही पाहिले. छोटी छोटी मुले, भिंतीवर रंगीत कागदाची फुले, आणि शेवटच्या बाकावर आपली मुलगी, खांदे आक्रसून, लहान दिसायचा प्रयत्न करत असलेली.

मुलीने वर पाहिले आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. आईने तिला हाताला धरून बाहेर नेले.

"ही नववी आहे?"

मुलीने मान खाली घातली.

"खोटं का बोललीस माझ्याशी?"

"तू घाबरली असतीस म्हणून."

"आणि तू?"

"मी तर घाबरलेलीच होते, आई," मुलगी म्हणाली आणि तिला रडू कोसळले. "बाबांसारखं झालं असतं तर?" मग हुंदके देत तिने सगळे सांगितले, इथे एक म्हणजे नापास समजतात तेही.

आई तिथेच भिंतीला टेकून उभी राहिली. मला वाटले, आता ही घरी परत जाईल. गेली असती तर कुणी तिला दोष दिला नसता. पण तिने तळहाताने मुलीचे डोळे पुसले आणि म्हणाली, "चल कचेरीत. मी म्हणेन तेच सांगायचं. एक शब्द गाळायचा नाही की घालायचा नाही."

त्या लांबलचक व्हरांड्यातून आम्ही निघालो. वाटेत आई एकदा थांबली, परत फिरल्यासारखी वळली, आणि पुन्हा पुढे निघाली.

प्रवेशाच्या बाईंनी मान वर केली. आईने मला टेबलावर ठेवले, पण हात सोडला नाही. मग ती हळू आवाजात आमच्या भाषेत बोलू लागली आणि मुलगी वाक्यामागून वाक्य सांगू लागली.

"आई म्हणते, माफ करा. आई म्हणते, तिला भांडायचं नाही. पण ती विचारते... माझी मुलगी सगळ्या विषयांत नापास असती, तर तिच्या शाळेनं तिला नववीत कशाला पाठवलं असतं? ते इथे खाली लिहिलंय. 'नववीत बसण्यास पात्र.'"

बाईंनी फाईल उघडली. झेरॉक्स काढली. कपाळाला आठी घातली. "पण या कागदावर शाळेचा शिक्काच नाही. असा कागद काय, कुणीही तयार करेल."

मुलीने ते आईला सांगितले. एक शब्द न गाळता सांगितले. मला तर दरदरून घाम फुटावा तसे झाले. खोटी! मी खोटी? आता मला फाडतील, मग या दोघींना कुठे नेतील?

आईने टेबलापलीकडे हात नेला, बाईंचे बोट धरले आणि माझ्यावर टेकवले.

बाईंचे बोट माझ्या शिक्क्यावरून गोल फिरले. मग पुन्हा एकदा फिरले. झेरॉक्समध्ये तो उमटलाच नव्हता.

"एक म्हणजे काय तुमच्याकडे?" त्यांनी अगदी हलक्या आवाजात विचारले.

"एक म्हणजे पहिला, मॅडम," मुलगी म्हणाली. "सगळ्यांत वरचा."

"म्हणजे... एक नंबर?"

"हो. एक नंबर."

बाई हसतील असे मला वाटले. पण त्या हसल्या नाहीत. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या उठल्या, कपाटाचा खण ओढला आणि फायलींवरून हात फिरवत थांबल्या. "तुमच्या देशातून याआधीही मुलं आलीयत," त्या म्हणाल्या. "त्यांचे कागदही मीच वाचलेत." त्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदाच टेबलाच्या त्या बाजूलाही भीती बसलेली मी पाहिली.

बाईंनी मुलीची माफी मागितली, आईचीही. दुसऱ्याच आठवड्यात मुलगी नववीत गेली. तिथे सगळे गोड झाले असे समजू नका. गणिताचे आकडे तिला कळत, पण प्रश्नाची भाषा कळत नसे. इतिहासात ती दोनदा नापास झाली. अजूनही कुणी तिला कचेरीत बोलावले की तिची बोटे गार पडतात. पण आता बोलावले तर ती जाते, आणि बोलते.

बाईंनी भिंतीवरच्या तक्त्याशेजारी दुसरा तक्ता लावला. त्यात देशोदेशींचे गुण कसे वाचायचे ते लिहिले होते. जुन्या मुलांना त्यांनी एकेकाला बोलावून घेतले. बहुतेक सापडली. एक मुलगा मात्र सापडला नाही. त्यालाही खालच्या वर्गात बसवले होते. तो शाळा सोडून गेला आणि त्याचे घर कुठे हलले ते कुणालाच माहीत नाही.

मित्रांनो, आता मी आईच्या कपाटात, कपड्यांच्या घडीखाली सुरक्षित आहे. पण मला त्या मुलाच्या गुणपत्रिकेची काळजी वाटते. तीही कुठल्यातरी पाकिटात असेल, तिच्यावरही कुणीतरी प्रेमाने एक लिहिला असेल. उद्या तुमच्या वर्गात दूरदेशीचे कुणी मूल आले, शेवटच्या बाकावर खांदे आक्रसून बसले, तर त्याला काही येत नाही असे समजू नका. त्याच्या शेजारी जाऊन बसा आणि त्यालाच विचारा. आम्ही कागद फार थोडे बोलतो हो. आणि घाबरलेले मूल, विचारल्याशिवाय, आमच्याहूनही कमी बोलते.